ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण नंतर इन्फेक्शन झालं



आयोजकांनी मला आरोग्यावर काहीही बोल म्हणून सांगितलं होतं. मी एकाच वाक्यावर बोलणार आहे. हे वाक्य आपण सगळ्यांनी मय्यतीच्या घरी ऐकलेलं आहे. "ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण नंतर इन्फेक्शन झालं." कधी हृदयाचं ऑपरेशन असतं, कधी खुब्याचं. कधी बाळ आठव्या महिन्यात जन्मलेलं असतं. ज्या आजारासाठी माणूस दवाखान्यात गेला तो आटोक्यात आलेला असतो आणि माणूस दुसऱ्याच कशाने तरी जातो. मग आपण म्हणतो, अल्लाहची मर्जी. ते खरंच आहे. पण रस्त्यावर ट्रकने कुणाला उडवलं तरी आपण अल्लाहची मर्जी म्हणतो आणि ट्रकचा नंबरही लिहून घेतो. इन्फेक्शनचा नंबर कुणी लिहून घेत नाही. कोणतं इन्फेक्शन, कुठून आलं, कोणत्या औषधाला दाद देत नव्हतं, हे घरच्यांना विचारलं तर शंभरातल्या नव्वदांना सांगता येणार नाही. त्यांना ते कुणी सांगितलेलंच नसतं.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलंय, सॉफ्टवेअर लिहितो. गेली काही वर्षं पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट तयार करणाऱ्या प्रणालीवर काम करतोय. रुग्णांची नावं आम्हाला दिसत नाहीत, दिसूही नयेत. जंतूंची नावं मात्र दिसतात. रक्त, लघवी, छातीतला कफ, जखमेतला पू यांच्या कल्चरचे रिपोर्ट बघत गेलात तर तीच तीच नावं पुन्हा येतात. क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास, ई. कोलाय. हे चौघे एका मोठ्या गटातले आहेत. त्या गटाचं नाव ग्राम-निगेटिव्ह.

या नावामुळेच एक घोटाळा होतो. रिपोर्टवर 'ग्राम-निगेटिव्ह' असं छापलेलं असतं आणि घरचे म्हणतात, चला, निगेटिव्ह आलं, सुटलो! इथे निगेटिव्हचा अर्थ तो नाही. हान्स ख्रिस्तियन ग्राम नावाचा एक डॅनिश डॉक्टर १८८४ साली बर्लिनमध्ये काम करत होता. काचेवर जंतू घ्यायचे, त्यावर जांभळा रंग टाकायचा, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं, अशी त्याची रीत होती. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, ते ग्राम-पॉझिटिव्ह. काहींचा रंग धुऊन जातो, मग त्यांना दुसरा, गुलाबी रंग देतात. ते ग्राम-निगेटिव्ह. आज १४० वर्षांनंतरही लॅबमध्ये पहिली तपासणी हीच होते, काही मिनिटांत.

रंग धुऊन जातो कारण त्यांच्या भिंतीची रचना वेगळी असते. ग्राम-निगेटिव्ह जंतूला बाहेरून आणखी एक आवरण असतं. त्या आवरणात अरुंद दारं असतात, त्यातून बरीच औषधं आत शिरतच नाहीत. जी शिरतात त्यांना बाहेर फेकणारे पंपही या जंतूंकडे असतात. शिवाय हे आवरण ज्या पदार्थाचं बनलेलं असतं तो रक्तात पसरला की आपलीच प्रतिकारशक्ती बेभान होते, रक्तदाब कोसळतो, किडनी बंद पडते. डॉक्टर ज्याला सेप्टिक शॉक म्हणतात तो असाही येतो.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. हे जंतू कॉलरा किंवा टायफॉइडच्या जंतूंसारखे धडधाकट माणसाला गाठून पाडणारे नाहीत. ई. कोलाय आणि क्लेबसिएला तुमच्या-माझ्या आतड्यात आत्ता, या क्षणी असू शकतात. स्यूडोमोनास ओलाव्यात राहतो. नळाच्या तोंडाशी, बेसिनच्या जाळीत, ओल्या फडक्यात, बादलीच्या तळाशी. असिनेटोबॅक्टरचं उलटं, तो कोरड्या जागीही आठवडेच्या आठवडे तग धरतो. पलंगाचा कठडा, पडदा, मॉनिटरचं बटण, कुठेही. आपल्या अंगावर शाबूत कातडी आहे, रक्तात पांढऱ्या पेशी आहेत, खोकला येतो, लघवी होते, तोवर हे सहसा आपलं काही बिघडवू शकत नाहीत. म्हणून त्यांना संधिसाधू म्हणतात. राजकारणातल्या संधिसाधूंसारखेच, दार उघडं दिसेपर्यंत ते सभ्य असतात.

आणि दार कोण उघडतं? बहुतेक वेळा उपचारच. लघवीची नळी, घशातून फुफ्फुसात गेलेली व्हेंटिलेटरची नळी, मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली सलाईनची नळी. या नळ्यांशिवाय माणूस वाचत नाही, हे मान्यच. पण प्रत्येक नळी हा बाहेरून आत जाणारा रस्ताही असतो. नळीच्या आतल्या बाजूला जंतू चिकट थर करून बसतात. पावसाळ्यात पाण्याच्या टाकीच्या भिंतीला बुळबुळीत थर धरतो ना, तसाच. त्या थराखाली औषध नीट पोहोचत नाही. म्हणून नळी जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त. भाजलेल्या माणसाला कातडीच उरलेली नसते. केमोथेरपीच्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची कातडी कागदासारखी असते. आणि मधुमेह. आपल्या मोहल्ल्यात शुगर नसलेलं घर शोधावं लागेल, म्हणून मुद्दाम सांगतो. शुगर वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाचा कान रात्र-रात्र ठणकत असेल, पाणी येत असेल, तर तेल टाकून वाट बघू नका. स्यूडोमोनास कानाच्या नळीतून कवटीच्या हाडापर्यंत जातो, हा वैद्यकशास्त्राला चांगला माहीत असलेला आजार आहे.

हे फक्त गरीब देशात होतं असं वाटत असेल तर उत्तर आयर्लंडचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०११ आणि जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या दोन हॉस्पिटलांच्या नवजात अतिदक्षता विभागांत स्यूडोमोनासने चार बाळं दगावली. चौकशीत जंतू सापडला नळांमध्ये. हात धुण्यासाठी बसवलेल्या नळांमध्ये! दुसरं उदाहरण आपल्याला शरमेने मान खाली घालायला लावणारं आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत डोळ्यांत टाकायच्या साध्या थेंबांमधून स्यूडोमोनास पसरला. १८ राज्यांत ८१ रुग्ण, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघे मेले. ते थेंब आपल्या तमिळनाडूतल्या कारखान्यात तयार झाले होते.

पण माणूस जंतू शिरल्यामुळेच मरतो असं नाही. औषध लागू पडलं तर तो वाचतो. खरी गोची इथून पुढे आहे.

२००८ साली स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका ५९ वर्षांच्या माणसाच्या लघवीत क्लेबसिएला सापडला. तो माणूस आधी दिल्लीत हॉस्पिटलात होता. या जंतूवर कार्बापेनेम गटातली औषधं चालत नव्हती. मेरोपेनेम, इमिपेनेम ही त्याच गटातली, ज्यांना डॉक्टर राखीव फौज समजत होते. जंतूने ही औषधं तोडणारं एक नवं रसायन तयार केलं होतं. त्या रसायनाला नाव मिळालं 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', थोडक्यात एनडीएम-१. त्याच माणसाच्या शौचात दुसरा जंतू, ई. कोलाय, सापडला आणि त्याच्याकडेही तेच. म्हणजे एका जंतूने दुसऱ्या जातीच्या जंतूला हे कसब देऊन टाकलं होतं. जंतूंकडे डीएनएचे छोटे गोल तुकडे असतात, प्लास्मिड म्हणतात त्यांना. माझ्या धंद्यात एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसरा पेन ड्राइव्हवर घेऊन जातो, तसा प्लास्मिड एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो. दुसऱ्याला काही शिकावं लागत नाही. म्हणून हा प्रश्न एका जंतूपुरता राहत नाही.

ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात यावर मोठा लेख आला आणि आपल्याकडे गदारोळ झाला. आमच्या राजधानीचं नाव का दिलं, हा आमच्या वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचा कट आहे, वगैरे. नावावरची तक्रार मला पूर्ण चुकीची वाटत नाही. रोगाला गावाचं किंवा जमातीचं नाव चिकटलं की काय होतं, हे २०२० च्या एप्रिलमध्ये आपण भोगलंय. भाजीवाल्यांची आधार कार्डं तपासली जात होती, ते आपण विसरलेलो नाही. पण नावावर भांडता भांडता मूळ मुद्दा राहून गेला. लॅन्सेटच्या कितीतरी आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये लिहून ठेवलं होतं, की तीन महिन्यांत कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू सापडले आणि त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. त्याच अंकात चेन्नईचे डॉ. अब्दुल गफूर यांनी प्रतिजैविकांचा मृत्युलेख लिहिला होता. म्हणजे सांगणारे आपलेच होते. २०११ साली दिल्लीतल्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साचलेल्या, वाहत्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत एनडीएम-१ चा जीन सापडला. नळाच्या पाण्यात! सरकारने तेव्हाही हात झटकले.

गफूर साहेब लेख लिहून थांबले नाहीत. २०१२ मध्ये देशभरातल्या वैद्यकीय संघटनांना एकत्र बसवून त्यांनी 'चेन्नई डिक्लरेशन' घडवून आणलं. सगळं एकदम जमणार नाही, पण निदान शेवटची औषधं तरी चिठ्ठीशिवाय विकू नका, अशी त्याची व्यवहारी भूमिका होती. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झालं. त्यातली औषधं विकताना मेडिकलवाल्याने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. जुलै २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरायला बंदी आली. हे कोलिस्टिन म्हणजे किडनीला त्रास देतं म्हणून १९७० च्या दशकात बाजूला ठेवलेलं जुनं औषध. आता दुसरं काही चालेना म्हणून आयसीयूमध्ये परत आणलंय. आणि आपण ते कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खाऊ घालत होतो. यावर आणखी काय बोलू?

आता दोष कुणाचा? मला भीती वाटते ती आरोग्यावरच्या भाषणांची, ज्यांत शेवटी सगळं खापर अडाणी जनतेवर फुटतं. तुम्ही कोर्स अर्धवट सोडता, तुम्ही मेडिकलमधून गोळ्या घेता. घेतो आपण, त्यावर बोलेनच. पण आधी दिल्लीतल्या बाळांचं ऐका. २०११ ते २०१४ या काळात दिल्लीतल्या तीन सरकारी हॉस्पिटलांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रक्तात जंतू सापडलेल्या बाळांमध्ये सर्वांत जास्त असिनेटोबॅक्टर, २२ टक्के. मग क्लेबसिएला १७, ई. कोलाय १४. असिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के अनेक औषधांना न जुमानणारे. सेप्सिसच्या दोन तृतीयांश केसेस जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतल्या. तीन दिवसांच्या बाळाने कोणता कोर्स अर्धवट सोडला होता? त्याला तो जंतू मिळाला बाळंतपणाच्या खोलीतून, हातांतून, पाण्यातून. एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवावी लागतात, एका सिस्टरकडे डझनभर रुग्ण असतात, बेसिन आहे तर पाणी नाही आणि पाणी आहे तर साबण नाही. दर वेळी हात स्वच्छ करायला अर्धं मिनिट लागतं. तिच्या ड्युटीत तेवढी अर्धी मिनिटं आहेत का, हे तिला विचारण्याआधी महानगरपालिकेला विचारायला हवं.

कोविडमध्येही हेच दिसलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये दहा हॉस्पिटलांतले १७ हजारांवर रुग्ण तपासले. नंतरचं इन्फेक्शन फक्त ३.६ टक्क्यांना झालं होतं, पण त्यातले निम्म्याहून जास्त, ५६.७ टक्के, दगावले. आघाडीवर कोण? क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर.

तर आता आपल्या हातात काय आहे ते बघू. इयादतीपासून सुरू करतो. आजाऱ्याची विचारपूस करणं सुन्नत आहे आणि आपल्याइतकं ते कुणी करत नाही, याचा मला अभिमान आहे. माझ्या मामूंचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलच्या आवारात चाळीस माणसं होती. रक्त लागलं असतं तर तासात मिळालं असतं, डबे तीन घरांतून येत होते. पण ही चाळीस माणसं आवारातच बरी. आयसीयूच्या आत एकाने जावं, हात स्वच्छ करून जावं, फोन बाहेर ठेवून जावं, शेजारच्या पलंगाला हात लावू नये. साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथून निघू नये, ही शिकवण ज्या दीनने दिली, त्यात आयसीयूच्या दाराबाहेर थांबणं कमीपणाचं कसं असेल?

सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून काही बुजुर्ग हात लावत नाहीत. जानेवारी २००२ मध्ये मक्केत मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह परिषदेने अल्कोहोल असलेली औषधं आणि जंतू मारण्यासाठी त्वचेवर वापरायचं अल्कोहोल यांना परवानगी दिली आहे. खुद्द सौदीच्या हॉस्पिटलांत तेच वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने हातांच्या स्वच्छतेवरच्या आपल्या मार्गदर्शिकेत याची नोंद घेतली आहे. आणि वुजूचं म्हणाल तर वुजू ही पाकी आहे, वॉर्डात शिरताना हात निर्जंतुक करणं हे वेगळं काम आहे. एकाने दुसरं भागत नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट. बेशुद्ध रुग्णाच्या ओठांवर झमझमचं किंवा दम केलेलं पाणी लावायचं असतं. शेजारच्या पलंगावर कुणी तीर्थ घेऊन येतं, भावना एकच आहे. पण ज्याच्या घशात नळी आहे त्याला गिळता येत नाही. दोन थेंबही फुफ्फुसाकडे उतरू शकतात आणि महिनोन्महिने उघड-बंद झालेल्या बाटलीतलं पाणी निर्जंतुक नसतं. सिस्टरला विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालू नका. दुआ करा, हात हातात घ्या, अर्थात स्वच्छ केलेला.

आणि मेडिकलचं. साध्या सर्दीला 'जरा स्ट्राँग द्या' म्हणणं, डॉक्टरने सलाईन लावलं नाही तर डॉक्टर बदलणं, हे सोडावं लागेल. दोन दिवसांच्या तापाला गेल्या वेळची उरलेली पाकिटं काढणंही. अँटिबायोटिकने आतड्यातले गरीब, साधे जंतू मरतात आणि जागा मोकळी होते ती नेमकी ज्यांच्यावर औषध चालत नाही त्यांच्यासाठी. पुढच्या वेळी तुम्ही ऑपरेशनला दाखल व्हाल तेव्हा दार उघडायची वाट बघत ते आधीच तुमच्या पोटात बसलेले असतील.

आता माझ्या कामाचा भाग, रिपोर्ट कसा वाचायचा. कल्चरचा पूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, कारण जंतू वाढवून बघावे लागतात. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध देतात आणि ते बरोबर आहे, थांबून चालत नाही. रिपोर्ट आला की वरच्या बाजूला जंतूचं नाव असतं, खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे इंग्रजी एस, आय किंवा आर. एस म्हणजे औषध चालतं, आर म्हणजे चालत नाही, आय म्हणजे मधलं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. यादी आरने भरलेली दिसली तर घाबरून सिस्टरशी भांडू नका. आणि रिपोर्टमध्ये जंतू आला म्हणजे इन्फेक्शन आहेच असंही नाही. नळीत नुसता बसलेला जंतूही कल्चरमध्ये येतो. म्हणूनच हा कागद घेऊन मेडिकलमध्ये जाऊन औषध ठरवायचं नसतं. पण तो कागद तुमचा आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत दाखल असताना २४ तासांत आणि घरी सोडल्यावर ७२ तासांत केस पेपरच्या प्रती मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. हळू आवाजात मागा, लेखी मागा.

राउंडच्या वेळी विचारायचे प्रश्न मी एका पानावर लिहून आणलेत. आज कोणकोणत्या नळ्या आहेत आणि त्यातली कोणती आज काढता येईल? कल्चर पाठवलं का, कशाचं? रिपोर्ट आल्यावर औषध बदललं का, कमी करता आलं का? व्हेंटिलेटरवर असेल तर डोक्याकडची बाजू उंच ठेवली आहे ना? 'नळी आज काढता येईल का' हा प्रश्न रोज विचारा, लाजू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. कामाच्या रगाड्यात नळी दोन दिवस जास्त राहून जाते, हे त्यालाही ठाऊक असतं.

हे झालं एका घरापुरतं. संघटना म्हणून माझा एक प्रस्ताव आहे आणि त्यावर आज चर्चा व्हावी असं मला वाटतं. आपल्या शहरातल्या पालिकेच्या आणि ट्रस्टच्या प्रत्येक हॉस्पिटलला माहिती मागणारं पत्र द्यायचं. पालिकेला माहिती अधिकारात, ट्रस्टला साध्या विनंतीने. विचारायचं काय? इन्फेक्शन कंट्रोल कमिटी आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, आयसीयू आणि नवजात विभागात किती पलंगांमागे एक सिस्टर आहे, किती बेसिनना चोवीस तास पाणी आहे, नळाचं पाणी शेवटचं कधी तपासलं. हॉस्पिटलच्या दारात 'हजारो यशस्वी शस्त्रक्रिया'चा फलक असतो. त्याखाली मागच्या वर्षी किती जणांना इथेच इन्फेक्शन झालं हा आकडा नसतो. तो लगेच मिळेल असं मला वाटत नाही. पण बेसिनला पाणी आहे की नाही, हे लपवता येणार नाही.

पत्राचा मसुदा आणि प्रश्नांचं पान, दोन्ही मराठी आणि उर्दूत बाहेरच्या टेबलावर ठेवलंय. पान खिशात मावेल असं घडी घालून छापलंय. मसुद्यात काही कमी-जास्त हवं असेल तर आत्ताच सांगा, वकील भाई इथेच बसलेत.